राखेतली ब्राह्मी

आमच्या कॉलेजच्या मागच्या पटांगणात राखेचा पहिला टिप्पर रिकामा झाला, त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले. राख आली म्हणून पेढे वाटणारं अख्ख्या भंडाऱ्यात ते एकच ठिकाण असेल. वीज केंद्रातून निघणारी ही करडी, पिठासारखी राख एरवी विटांच्या कारखान्यांकडे जाते. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, कुणाच्या तरी ओळखीनं ती आमच्याकडे वळवली होती. तोंडाला रुमाल बांधून ते ढिगाजवळ उभे राहिले, फोटो काढून घेतला आणि राख उडायला लागल्याबरोबर आत निघून गेले.

सर वनस्पतिशास्त्र शिकवत. झाडाला हात लावण्याची वेळ मात्र त्यांच्यावर क्वचितच येई, आणि आलीच तर आधी ते घड्याळ काढून ठेवत. पटांगणातली जमीन मुरमाड होती. तिथं वनौषधींची बाग करायची, मुरमात राख मिसळायची, म्हणजे माती सुधारेल, राखेचीही सोय लागेल आणि मूल्यांकन समिती येईल तेव्हा दाखवायला काहीतरी हिरवं असेल, असा त्यांचा बेत होता. बेताला शास्त्राचा आधार हवा होता. तो आधार मी होते.

मी त्या विभागात तासिकेवर शिकवते. दर जूनमध्ये अर्ज करायचा, दर जुलैत नेमणूक होते की नाही याची वाट बघायची, असं माझं चाललेलं असतं. एम.एस्सी.ला असताना मी याच राखेवर प्रबंध लिहिला होता. कुंड्यांमध्ये मातीत राखेचं प्रमाण थोडंथोडं वाढवत न्यायचं, त्यात तुळस आणि ब्राह्मी लावायची आणि दर आठवड्याला उंची मोजायची. पानं मोजायची, फुटवे मोजायचे. थोड्या राखेत झाडं मस्त वाढली. जास्त राखेत खुरटली. मी आलेख काढले, निष्कर्ष लिहिला की योग्य प्रमाणातली राख औषधी वनस्पतींच्या वाढीस पोषक आहे, आणि पहिल्या वर्गात पास झाले. त्या पानांच्या आत काय गेलं, हे मी तपासलं नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आत काय आहे हे कळायला यंत्र लागतं. माझ्याकडे फुटपट्टी होती आणि तिच्यावर मी खूश होते.

आज तो प्रबंध हातात घेतला की मला त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांचीसुद्धा कीव येत नाही, इतका राग येतो. औषधी वनस्पतीची उंची मोजून काय करायचंय? अडुळसा कुणी उंच आहे म्हणून खोकल्यावर घेतो का?

पण त्या वेळी सरांनी सगळ्यांसमोर माझा प्रबंध टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडमचं तर यावर कामच आहे." मी मान खाली घालून हसले. मला बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

बागेवर कामाला एक बाई ठेवली. अड्याळची. रोज सकाळच्या एस.टी.नं यायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. साठीच्या आसपासची, काटक, बोलायला लागली की समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघून बोलणारी. तिची सासू गावात झाडपाल्याचं औषध द्यायची आणि तिच्यामागे हिंडून हिनंही ते शिकून घेतलं होतं. मी तिला मावशी म्हणायचे. म्हणायचे मावशी, पण वागायचे मास्तरणीसारखी. पहिल्याच दिवशी मी तिला प्रत्येक रोपाचं लॅटिन नाव ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, हे राख कायची हाय?"

"कोळशाची."

"चुलीतली नाई?"

"चुलीतली लाकडाची असते. ही वीज केंद्रातली."

"मंग ह्यात औषध कायले लावून राहिले?"

मी तिला पोटॅश, सच्छिद्रता, पाणी धरून ठेवण्याची क्षमता असं सगळं समजावलं. तिनं फावडं उचललं आणि म्हणाली, "आमची सासू मसनातलं, उकिरड्यावरलं आन् सडकेच्या काठचं पान कधी तोडत नव्हती. असन, तुमचं शिकलेलं असन."

मी हसले. त्या हसण्याचा मला आजही तिटकारा येतो.

बाग मात्र अशी फोफावली की विचारू नका. दिवाळीपर्यंत तुळस कमरेला लागली. अश्वगंधेला फळं धरली. खालच्या बाजूला, जिथं पाणी साचून राहायचं तिथं ब्राह्मीचा वाफा होता. लहान, जाडसर पानांची, जमिनीला धरून पसरणारी ती ब्राह्मी इतकी दाट झाली की खालची माती दिसेना. सर रोज कुणाला ना कुणाला घेऊन यायचे आणि तो वाफा दाखवायचे. राखेनं केलेला चमत्कार, म्हणायचे. येणारे लोक मान डोलवायचे. चमत्कार म्हटलं की मान डोलवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही आणि त्यातले बरेचसे पदवीधर असतात.

मावशी एकटीच मान डोलवत नव्हती. एकदा तिनं तुळशीचं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं. "वास घ्या." घेतला. वास होता, पण लांबून आल्यासारखा. मग अडुळशाकडे नेलं. पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या. "पाणी तं मी बरोबर देऊन राहिली. मंग हे काहून जळते?"

मला कारण माहीत होतं. राखेत बोरॉन असतं, ते जास्त झालं की पानांच्या कडा अशाच जळतात. माझ्या प्रबंधात हे एका ओळीत होतं. बोरॉन असं पानात चढतं तर दुसरं काय काय चढत असेल, हा पुढचा प्रश्न कुठल्याही शाळकरी मुलीला पडला असता. मला पडला आणि मी तो बाजूला सारला. तासिका संपत आल्या होत्या, पेपर तपासायचे होते, अशी काहीतरी सबब होतीच.

डिसेंबरात उद्घाटन झालं. फीत, भाषणं, शाल, सगळं यथासांग. पाहुण्यांनी राखेतून उभं राहिलेलं आरोग्य असं काहीतरी म्हटलं आणि टाळ्या पडल्या. त्याच भाषणाच्या भरात सरांना कल्पना सुचली. बारावीच्या परीक्षा जवळ आल्यात, आपली ब्राह्मी आहे, तर मुलांना स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी चूर्ण वाटू या. दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. ब्राह्मी कापली, प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये वाळवली, मिक्सरमधून काढली आणि प्लॅस्टिकच्या लहान लहान पुड्यांत भरली. पुडीवर लेबल होतं. लेबलवर ब्राह्मीचं चित्र एका कोपऱ्यात, तांदळाएवढं, आणि मधोमध सरांचा फोटो.

पुड्या भरण्याच्या त्याच दिवसांत मावशीला खोकला झाला. खोकत खोकत ती वाफे साफ करत होती. मी म्हटलं, "मावशी, एवढा अडुळसा आहे समोर. घेऊन जा ना चार पानं."

"नाई. मी आमच्या बोडीवरून आणते." बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाला पाणी देणारा. तिच्या गावच्या बोडीच्या पाळीवर अडुळसा होता.

"अहो, इथलाही अडुळसाच आहे."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी घ्याल का हे?"

स्वतःच्या खोकल्यासाठी मी त्या बागेतलं पान तोडलं नसतं आणि हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. तिकडे आतल्या खोलीत पोरी पुड्या भरत होत्या आणि थोड्याच वेळापूर्वी मी त्यांना सांगून आले होते की लेबल सरळ चिकटवा.

त्याच आठवड्यात मी ब्राह्मी, तुळस, अडुळसा आणि अश्वगंधेची मुळं वेगवेगळ्या पाकिटांत भरली आणि नागपूरला एका मैत्रिणीकडे पाठवली. ती माझ्यासोबत एम.एस्सी.ला होती आणि आता अशाच तपासण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं फोन करून सांगितलं, "तुलना करायला स्वच्छ मातीतला एक नमुना पाठव. राख न टाकलेल्या जागेतला."

मला विचार करावा लागला नाही. आमच्या कारध्याच्या घरी, न्हाणीच्या मोरीपाशी, ब्राह्मीचा एक दाट पट्टा आहे. मी कळायला लागल्यापासून आहे. माझी माय त्याचं तेल काढते, शेजारच्या बायांना देते. दहावीच्या वर्षी रोज सकाळी तिनं मला त्याच्या रसाचा पेला पाजला होता. कडू, मातकट. मी ओसरीवर उभी राहून अर्धा कुंडीत ओतायची. भंडाऱ्यातून नदीचा पूल ओलांडला की पाच मिनिटांत आमचं घर. मी गेले, एक जुडी कापली, धुतली आणि पाठवली. मायनं विचारलं, "कायले पाह्यजे?" मी म्हटलं, "शुद्ध ब्राह्मी कशी असते हे दाखवायला."

अहवाल दोन आठवड्यांनी आला, तोवर पुड्या बारावीच्या मुलांना वाटून झाल्या होत्या. बागेतल्या ब्राह्मीत शिसं आणि कॅडमियम दोन्ही होतं, खाण्याच्या झाडपाल्यात चालतं त्याहून कितीतरी जास्त. अश्वगंधेच्या मुळातही होतं. तुळशीत कमी. अडुळशात थोडं. हे मला अपेक्षित होतं. वाचताना मला एक प्रकारचा आनंदसुद्धा झाला, सरांच्या फोटोखाली शिसं सापडल्याचा आनंद. तो आनंद पुढच्या पानापर्यंत टिकला.

पुढच्या पानावर आमच्या घरची ब्राह्मी होती. तिच्यात शिसं बागेतल्यापेक्षाही जास्त होतं.

मी मैत्रिणीला फोन केला. पाकिटांची अदलाबदल झाली असेल, असं म्हटलं. ती म्हणाली, "मीपण तेच समजले. म्हणून पुन्हा करून पाहिलं. तुमच्या अंगणात काय टाकलंय?"

तेव्हा मला आठवलं. माझे बाबा भंडाऱ्यात पितळेच्या भट्टीवर कामाला होते. भट्टीतली राख ते सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात बांधून घरी आणत. भांडी घासायला ती राख चांगली, म्हणून आजूबाजूच्या बाया वाटी वाटी मागून नेत. उरलेली बाबा मोरीपाशी टाकत. तिथं खोलगट होतं, पावसाळ्यात पाणी साचायचं, म्हणून ते वर्षानुवर्षं भर घालत होते. पितळेत तांबं आणि जस्त असतं, आणि जुनी मोडीतली भांडी वितळवली की शिसंही असतं. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मातीच्या प्रदूषणात शिकवते. पोरांना मी उदाहरण द्यायची ते परदेशातल्या खाणींचं.

संध्याकाळी मी मायला सगळं सांगितलं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"म्हंजे तुह्या बापानं जहर आणून टाकलं म्हणतं?"

"तसं नाही माय. त्यांना माहीत नव्हतं."

"मंग तुले तं माहीत होतं ना? तू तं शिकली." बोलताना तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच ते लागलं. "एवढ्या वर्षांत एक दिवस तरी म्हणली का, माय हे माती पाह्यली पाह्यजे?"

मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"त्यानं तं खोलगट भरलं. लेकीचा पाय चिखलात जाऊ नये म्हणून भरलं." मग तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. "त्या शेजारणीच्या दोन्ही पोरींची बाळंतपणं झाली तवा तिनं हेच तेल नेलं माह्याकडून. आता मी तिले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा मोरीपाशी उघडी माती होती. मायनं खुरप्यानं सगळी ब्राह्मी मुळासकट काढली होती. शेजारणीकडेही ती गेली होती. शेजारीण म्हणाली म्हणे, डोक्यालाच तर लावलं, पोटात कुठं घेतलं. माझ्याशी मायनं चार दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं.

अहवाल घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि जेवणात केस सापडल्यासारखा चेहरा केला. मग दुसरं पान वाचलं आणि चेहरा खुलला.

"हा कुठला नमुना?"

"आमच्या घरचा सर. कारध्याचा."

"तिथं राख टाकली होती का आपली?"

"नाही. पण तिथं पितळेच्या भट्टीची..."

"म्हणजे आपल्या राखेचा दोष नाही. ब्राह्मीचाच तो गुणधर्म आहे. ती ओढते." ते खुर्चीत मागे रेलले. "मॅडम, तुमच्याच नमुन्यानं सिद्ध झालं. बिनाराखेच्या जागी जास्त, राखेच्या जागी कमी. उलट राखेनं ते कमी केलं असं म्हणता येईल. यावर एक चांगला पेपर होईल, बघा."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते.

"सर, मुलं हे खाताहेत. रोज एक चमचा."

"परीक्षेपुरतं. आणि तुमच्या प्रबंधात काय लिहिलंय?" त्यांनी कपाटातून तो काढला. त्यांनी तो जपून ठेवला होता, खुणेसाठी कागदी पट्ट्या घालून. वाचून दाखवला. माझंच वाक्य, पोषक आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा मुलाखती आहेत. तुमच्यावर माझा विश्वास आहे, म्हणून बोलतोय. समिती मार्चमध्ये येणार आहे. तोवर हे कागद तुमच्याजवळ असू द्या."

मी कागद पर्समध्ये ठेवले आणि तासाला गेले. त्या दिवशी मी काय शिकवलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की नंतरचे दहाबारा दिवस मी कुणालाही काही सांगितलं नाही. पर्स घेऊन यायची, पर्स घेऊन जायची. सरांचा मला तिरस्कार वाटत होता, आणि तिरस्कार करण्यात काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, हे मला त्या दिवसांत कळलं. मनातल्या मनात मी त्यांना काय काय सुनावलं! प्रत्यक्षात, सकाळी समोर आले की म्हणायची, "नमस्कार सर."

शेवटी मी फक्त मावशीला सांगितलं. तेही धीर आला म्हणून नाही, ओझं हलकं करायला. ती गवत काढत होती. ऐकून घेतलं. "शिसं म्हंजे थे जाळ्याले लावतेत थेच ना? मासे धरायच्या?"

"तेच."

"आन् पोट्ट्या हे फाकून राहिल्या?"

"हो."

तिनं अहवाल बघायला मागितला नाही. त्यात काय लिहिलंय, किती लिहिलंय, काहीच विचारलं नाही. दुपारी तिच्या गाडीची वेळ झाली तशी ती गेली. अड्याळकडच्या त्याच गाडीनं आमच्या कॉलेजच्या वीसपंचवीस मुली घरी जातात. मला दुसऱ्या दिवशी एका मुलीनं सांगितलं ते असं, की मावशी गाडीत उभी राहिली, दांड्याला धरून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरींनो, थे पुडी कोणी खाऊ नका. म्याच लावली हाय थे ब्राह्मी, मले माहीत हाय कायात लावली. तुमच्या सरले म्हणा, आदी तुमी खा." कंडक्टरनं विचारलं, काय झालं मावशी, तर त्यालाही सांगितलं, शिसं हाय त्यात. कंडक्टरनं पुढच्या फेरीत सांगितलं.

तीन दिवसांत कॉलेजच्या कचरापेट्या सरांच्या फोटोंनी भरल्या. आठवड्याच्या आत एकही मूल ती पुडी हातात धरेना. माझ्याजवळ प्रयोगशाळेच्या शिक्क्याचे कागद होते आणि त्यांनी पर्समधल्या कंगव्याला सोबत केली. तिच्याजवळ एस.टी.चा दांडा होता.

मग बैठक बोलावली गेली. विषय होता बागेविषयी पसरवलेली अफवा. प्राचार्य, सर, आणखी दोघंतिघं प्राध्यापक, मी, आणि दाराजवळ उभी केलेली मावशी. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. सरांनी मुद्देसूद मांडणी केली. अशिक्षित बाई, अंधश्रद्धा, स्मशानातलं पान तोडू नये वगैरे, आणि संस्थेची बदनामी. प्राचार्यांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं त्यात शिसं आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. म्हणाली, "मले वाटलं."

तिनं मला वाचवलं. साठ वर्षांची रोजंदारीवरची बाई, एम.एस्सी. झालेल्या मला. तेव्हा कुठं माझा हात पर्सकडे गेला. त्यात शौर्याचं काही नव्हतं, शरमेनं गेला. मी दोन्ही पानं टेबलावर ठेवली. म्हटलं, "तिला मी सांगितलं. अफवा नाही. हे बागेतलं आहे आणि हे माझ्या घरचं. घरचं जास्त आहे. माझ्या वडिलांनी भट्टीची राख टाकली होती आणि मला ते ओळखू आलं नाही. दोन्ही राखा वेगळ्या, दोन्ही वाईट. आणि माझा प्रबंध अर्धवट आहे, तो पुन्हा कुणाला दाखवू नका."

प्राचार्यांनी कागद वाचले. सावकाश वाचले. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकून माझा त्यांच्याबद्दल उरलेला आदरही गेला. "हे अजून कुणाकुणाला दिलंय?" मुलांनी किती दिवस खाल्लं, कुणाला काही त्रास झाला का, पालकांना कळवायचं का, यातलं एक अक्षर नाही. मी म्हटलं, पालकांना पत्र गेलं पाहिजे. ते म्हणाले, बघू. पत्र गेलं नाही. मग मीच माझ्या वर्गांत आणि बारावीच्या वर्गांत जाऊन सांगितलं की कुणाच्या घरी पुडी असेल तर फेकू नका, मला आणून द्या. बऱ्याच पुड्या परत आल्या. ज्यांनी रोज खाल्ल्या होत्या अशा मुलींना मी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. किती जणी गेल्या, मला माहीत नाही.

समिती यायच्या आधी बाग नूतनीकरणासाठी बंद असा फलक लागला. समिती गेल्यावर वाफे सपाट करून त्यावर सिमेंटचे गट्टू बसवले. तिथं आता सरांची गाडी उभी असते. सपाटीकरणाआधी मी आणि मावशीनं ब्राह्मी आणि अश्वगंधा मुळासकट काढून पोत्यांत भरली, म्हणजे निदान कुणाच्या शेळ्यांच्या तोंडी लागू नये. ती पोती विभागाच्या मागच्या खोलीत पडून आहेत. ती कुठं टाकायची याबद्दल मी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही ठिकाणांनी मला एकमेकांकडे पाठवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मावशीला ऑफिसात झाडझुडीचं काम देऊ केलं होतं. ती म्हणाली, "मले रोवणे हायेत," म्हणजे धानाची लावणी, आणि गेली ती आलीच नाही. मला जुलैत नेमणूक मिळाली, आधीपेक्षा कमी तासांची. सरांनी अभिनंदनही केलं. निर्लज्जपणाला माणसात काही तळ असतो, अशी माझी तोवर समजूत होती.

ऑगस्टमध्ये एक दिवस सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मॅडम, त्या अड्याळच्या बाईचा संपर्क आहे का? तिच्याकडं तलावावरची चांगली ब्राह्मी असते म्हणे. नातीला अभ्यासात लक्ष लागत नाही. थोडी हवी होती."

मला काय काय बोलता आलं असतं. मी फोन ठेवला आणि मावशीला केला. वाटलं ती हसेल, दोन शब्द सुनावेल. ती म्हणाली, "किती वर्साची हाय पोरगी?" म्हटलं, दुसरीत आहे. "देते पाठवून. लेकराले काय करावं?" दुसऱ्या दिवशी त्याच कंडक्टरच्या हाती पिशवी आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मुळांना काळी माती लागलेली. बोडीच्या पाळीच्या मधल्या भागातली, सडकेपासून लांबची, असा निरोपही आला.

स्कूटीवरून मी ती सरांच्या घरी नेऊन दिली. ते गेटापर्यंत आले. पिशवीत डोकावले, मग आजूबाजूला बघून हळू आवाजात विचारलं, "तपासून घेतली आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुढं केलेला हात तसाच राहिला. मी पिशवी गेटाच्या कडीला अडकवली आणि गाडी चालू केली. ती त्यांनी आत नेली की नाही, ते मी कधी विचारलं नाही.